नऊ ओळी

ग्रिम्स्बी. पहाटेचे चार.
सातला मासळीचा लिलाव, आणि त्याआधी
कालच्या पेट्यांचा ताळा
ॲबर्डीनच्या तळघरातल्या जुन्या युनिक्सकडून
मागून घ्यायचा.

रात्रपाळीचं खातं मी आज पहिल्यांदा उघडलं.
खिडकी ओढून स्क्रीनभर केली, तरी ते यंत्र
वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं.
नऊ ओळी लिहितं, थांबतं.
खाली नुसता काळोख.

आज्ञा लांब आहे: बोटीचं नाव, कॉड, हॅडॉक, वजन.
चोविसाव्या घराशी ओळ अडते,
खाली उतरायचं सोडून मागं वळते
आणि ओले गमबूट घालून
स्वतःच्याच पहिल्या अक्षरांवरून चालत जाते.
कॉडवर हॅडॉक. बोटीवर वजन.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, बरोबर.
पण पलीकडच्याला अंथरूण दिसतच नाही.
थेल्मा ब्रॉकलबँकनं पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं,
चहात बिस्कीट बुडवत:
"त्याला डोळे नसतात, पोरी. तुझी खिडकी केवढी
ते तूच सांगायचं. आपोआप कळेल
म्हणून वाट बघत बसू नकोस."
एसटीटीवाय, रोज इतक्या, कॉलम्स इतके, एंटर.

मग याला नऊ कुणी सांगितलं?

लॉगिन होताना वाचली जाते ती फाइल उघडली.
तळाशी, एकाखाली एक:

# मार्च. पन्नास, एकशे बत्तीस
# जून. छत्तीस, पंच्याण्णव
# सप्टेंबर. चोवीस, चौसष्ट
# डिसेंबर. पंधरा, चाळीस

आणि शेवटची, हॅश नसलेली,
अजून चालू:
फेब्रुवारी. नऊ, चोवीस.

अक्षर वाढवलं की ओळी घटतात.
पहिलीतल्या चारेघी वहीच्या पानावर
मावून मावून किती मावणार!

वर्षभर रोज पाळी बदलताना भेटायचो.
ती कोट चढवायची, मी उतरवायचे.
खुर्ची कोमट असायची, स्क्रीन मात्र
मी दारात दिसायच्या आत बंद केलेला.
बागेकडं बघायचंय म्हणून तिनं नोकरी सोडली.
आम्ही सगळ्यांनी कार्डावर निरोप लिहिले,
जागा कमी, म्हणून
मुंगीएवढ्या अक्षरांत.

फेब्रुवारीपुढं मी हॅश टाकते.
यंत्र ती ओळ आता वाचणार नाही,
माणसाला वाचता येईल.
खाली माझे आकडे.

आता ओळ सरळ जाते, पार कडेपर्यंत,
समास न सोडता.
ताळा येतो.
हॅडॉकची एक पेटी कमी.
मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.