मिनिटाला चाळीस

मुजावरांचा आसिफ खालूनच ओरडला,
"सिस्टर, खोक्यावर 'जिवंत' लिहिलंय, लवकर या!"
नाइट करून आले होते, डोळ्यांत वाळू,
ओटीपीचे आकडे दोनदा चुकले.

थर्माकोलचं खोकं. कोलकात्याहून मिरज,
दोन रात्री आणि मधला एक रविवार.
चिकटपट्टी कापताना हात आपोआप हलका झाला,
टाके काढताना होतो तसा.
आत बंगाली वर्तमानपत्र, बर्फ वितळून गेलेली बाटली,
फुगलेल्या पिशव्या.
दिवा लावला नाही.
अंधारातून आलेल्याला एकदम उजेड दाखवायचा नसतो,
हे मला मासे विकणाऱ्यांनी नाही,
डोळ्यांच्या वॉर्डानं शिकवलं.

पिशव्या तशाच बंद, टाकीत तरंगत ठेवल्या.
आतलं गार आणि बाहेरचं कोमट
प्लास्टिकच्या आडून एकमेकांना चाचपत राहिले.

आप्पा कॉटवरून बघत होते.
भिलवडी सोडून आले त्याला सात महिने,
पिशवी अजून दाराजवळच्या खुंटीला, चेन लावलेली.
"पानी कशाला आणलंस घरात?
तवा आलं हुतं तेवढं पुरं न्हाई झालं?"

मी बोलले नाही.
त्या साली डब्यांच्या फळीपर्यंत कृष्णा होती.
ओसरली तेव्हा पाट्याखाली एक मरळ मासा सापडला,
कल्ले हलवणारा.
घरात गुडघाभर चिखल, आणि आप्पा
बादली घेऊन नदीला गेले आधी.

कोळंब्यांना मात्र घाई चालत नाही.
तांबड्या, तांदळाएवढ्या,
बारा मागवल्या होत्या, तेरा आल्या, त्यातली एक मेलेली.
म्हणजे हिशेब बरोबर.
सलाइनचा नवा सेट घेतला
(मेडिकलमधून, विकत, वॉर्डातला नव्हे),
सुई काढून एक टोक टाकीत, दुसरं खाली बादलीत.
टप. टप.

"किती थेंब?"
"मिनिटाला साठ."
आप्पा उठले. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले.
पाणीपुरवठा संस्थेच्या पंपावर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
ते इवलंसं चाक अंगठ्यानं मागं सरकवलं.
"चाळीस ठेव. व्हॉल दमानं उघडायचा असतो.
बोअरचं पानी हाय तुझं. जड हाय.
मलाच अजून पचलं न्हाई."

मी तिथंच फरशीवर आडवी झाले.
जाग आली तेव्हा दुपार कलली होती,
बादली दोनदा भरून वाटीनं उपसलेली,
आणि आप्पा चहाच्या गाळणीनं
एकेक कोळंबी टाकीत सोडत होते.
माझी नवी गाळणी. असू दे.
मेलेली कढीपत्त्याच्या कुंडीत.

जावा फर्न दगडाला दोऱ्यानं बांधलं, ते बसलं निमूट.
क्रिप्टोकोराइन मात्र चौथ्या दिवशी विरघळायला लागलं.
पान हाताला लावावं तर शेंबूड.
आप्पा म्हणाले, उपट.
मी म्हटलं, राहू द्या, आधीच्या पाण्यात वाढलेली पानं
नव्या पाण्यात टिकत नाहीत,
मूळ हलवायचं नाही, एवढंच.
"किती दिवस?"
ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

काल रात्री अडीचला वॉर्डात फोन थरथरला.
आप्पा रात्री फोन करत नाहीत. छातीत धस्स झालं.
"एक मेली गं. पांढरी पडलीय पार. नुसतं टरफल."
"आप्पा, ती कात असेल. टाकतात त्या.
काढू नका, त्याच खातात ती परत. मोजून बघा."
"आत्ता?"
"आत्ता. बॅटरी लावू नका, बाहेरच्या खोलीतला दिवा पुरे."

चप्पल सरकल्याचा आवाज. स्टूल ओढल्याचा.
सात नंबरच्या बेडचा ड्रिप संपत आला होता,
मी फोन खांद्याला धरून बाटली बदलली.
"सात... आठ... ह्यो दगुड हाय...
थांब, हलत्यात सारख्या. पैल्यापासनं मोजतो."
मी थांबले.