हजेरी

मोचेमाडच्या उताराला काजूची फॅक्टरी होती,
तिथे आता आमचे बत्तीस कॉम्प्युटर.
भट्टीच्या जागी सर्व्हरची खोली.
एसी सोळावर, तरी भिंत अजून
टरफलाच्या तेलाचा वास सोडते,
दमट हवेत, दुपारी तीनच्या सुमारास.

उद्घाटनाला आलेले साहेब म्हणाले होते,
देश आता बोटांवर चालतो,
या लाखो बोटांत तुमचीही बोटे.
टाळ्या झाल्या. नारळाच्या वड्या वाटल्या.

मग हजेरीचे यंत्र आले.
मी ते दाराशी ठोकले, वायर ओढली,
एकेकीला बोलावले.
दर्शना टेमकर, हिरवा दिवा.
मेरी आंतोन डिसोजा, हिरवा.
शालन मेस्त्री, लाल.
पुन्हा लाल.
पदराला पुसून, लाल.
"माझो आंगठो खंय गेलो रे?"
ती हसली, मागची रांग हसली.

एकोणीस वर्षे तिने इथेच बी फोडली,
राखेत बोटे बुडवून.
चिकाने रेषा खाल्ल्या, एकेक करून, सावकाश.
मदतीच्या नंबरावर हैदराबादचा मुलगा म्हणाला,
सर, बोट स्वच्छ करून पाहा.
मी म्हणालो, करतो.
आणि तिच्या नावापुढे माझा अंगठा नोंदवला.

त्याच बोटांनी ती माउस धरते.
कुठल्याशा थंड देशातल्या रस्त्यांचे फोटो:
सायकलीभोवती चौकट, कुत्र्याभोवती चौकट,
छत्रीखालच्या मुलाभोवती जरा मोठी चौकट,
म्हणजे बिनड्रायव्हरची गाडी तिथे थांबेल.
नजर जुनीच.
अख्खा, पाकळी, तुकडा, कणी
ढिगाला हात न लावता सांगायची.

एका फोटोत रस्ता पांढरा.
ती थांबली. यादीत 'बर्फ' होते,
ते तिने दाबले नाही.
"ह्यां बरफ नाय. मीठ आसा."
माहेर शिरोड्याच्या मिठागरात,
बापाच्या टाचांना भेगा, भेगांत मीठ.
मी म्हटले, तिकडे कसले मीठ,
आणि तिच्या खांद्यावरून हात घालून
बर्फ दाबले.

सतरा दिवसांनी तपासणीतून परत आले.
रस्ता घसरू नये म्हणून तिथे
मीठच पसरतात म्हणे, ट्रकने.
चूक तिच्या आयडीवर.
तिच्या पगारातून एकशे वीस रुपये.
मी दोन मेल लिहिले. दोन्हींना
आपोआप उत्तर आले,
आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.
तिसरा लिहिला नाही.
तिलाही काही सांगितले नाही,
पगाराची चिठ्ठी तिने घडी करून
डब्याच्या पिशवीत घातली तेव्हा मी
प्रिंटरमधला कागद सारखा करत होतो.

आज माझी गाडी आरवलीला पंक्चर.
पोचलो तो सव्वानऊ.
सगळ्या आत, कीबोर्डांचा आवाज सुरू,
आणि ती दाराबाहेर पायरीवर,
डबा मांडीवर, चपला बाजूला काढलेल्या.
"तुमका उशीर झालो," म्हणाली.
मी अंगठा ठेवला.
हिरवा.