एक तास मागे

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
गाडीत शिडी आडवी घालून मी निघते
वरच्या गावाकडे. सात चुली, सात घरं,
आणि स्टुलावर चढू नये अशी सात माणसं.

पोर्तुगालच्या या कोपऱ्यात आता चेस्टनट पडतात,
काटेरी बोंडं रस्त्याभर उकललेली,
चाकाखाली फटाफट फुटतात.
वेचायला वाकणारं कुणी नाही.

संस्थेच्या कागदावर माझ्या या कामाला नाव नाही.
गोळ्यांचे डबे भरणं आहे, दवाखान्यात नेणं आहे,
गप्पांचासुद्धा रकाना आहे, तासांत भरायचा.
घड्याळं मागे करणं मी ‘इतर’मध्ये टाकते.

झुल्मिरा शिडी धरतात. वय नव्वद.
त्या शिडीला धरतात की शिडी त्यांना, कोण जाणे.
“म्हणजे अंधार आता तासभर आधीच पडणार,
आणि तू म्हणतेस, तास मिळाला.”
मी सेल बदलते. उत्तर सुचत नाही.
खाली उतरून कोबीचं सूप पिते, मीठ दोनदा पडलेलं.
मिळालेला तास तिथेच संपतो
आणि अजून सहा घरं बाकी.

दरवर्षी हिशेब असाच फसतो.
तास एक, वाटेकरी सात.

एर्मिनिया दार उघडत नाहीत, खिडकीतूनच:
“आधी कोंबड्यांना विचार.
त्यांनी मानलं तर मी मानीन.”

बेल्मिरोंच्या भिंतीवर घड्याळं दोन.
डावं इथलं. उजवं लक्झेंबर्गचं, तासभर पुढचं.
मुलगा तिथे उंच इमारतींना काचा बसवतो,
रविवारी जेवण झालं की फोन करतो.
कुणाचं जेवण, यावरून दोघांचं थोडं वाजतं.

उजवं मागे केलं, डाव्याला हात घातला,
तर म्हणाले, “थांब. पोराचं झालं ना?
माझं राहू दे.”
मला कळायला वेळ लागला, शिडीवर, हात वरच.
दोन्ही घड्याळांत सव्वाबारा.

सांगायला हवं होतं, असं चालत नाही म्हणून.
खाली उतरले.
गोळ्यांच्या डब्यावरचा आठ खोडून नऊ लिहिला, ठसठशीत.
पाववाल्याला चौकात गाठलं:
बेल्मिरो म्हणाले तासभर उशीर केलास,
तर हो म्हण, वाद घालू नकोस.

मार्चमध्ये हा तास परत न्यायला
मीच येईन, हीच शिडी घेऊन.
तेव्हा किती घरांत चढावं लागेल
ते आज मोजत नाही.
वहीत एवढंच लिहून ठेवलंय:
बेल्मिरोंकडे फक्त उजवं हलवायचं.