विरजण

दर सव्वा सेकंदाला एक टिक्.
ती आकाशातली नव्हे, हे तिसऱ्या रात्री कळलं;
दिशा सापडायला पुढे आठवडा गेला.
एक्स्लोच्या पलीकडे, कालव्यालगत,
रूल्फीन होविंगच्या विजेच्या कुंपणात
एक पांढरा इन्सुलेटर फुटलेला,
तार ओल्या गवताला टेकलेली.

"एवढ्यासाठी आलात, वीबे?
गाईंची तर काही तक्रार नाही."

चिखलाचे बूट दाराशी काढून
मी तिच्या स्वयंपाकघरात बसलो, सांगू लागलो:
दीर्घिकांच्या दोन थव्यांमध्ये,
जिथे काहीच नाही म्हणावं, तिथेही चुंबकत्व आहे.
फ्रिजवर नातीचं चित्र धरून ठेवणारा हा तुमचा चुंबक,
त्याच्या अब्जाव्या हिश्शाहूनही पुसट.
त्यातून येताना रेडिओलहरीला किंचित पीळ पडतो.
आम्ही तो पीळ वाचतो,
आणि मध्येच तुमचं कुंपण बोलतं.

"पण ते आलं कुठून?"

ताऱ्यांनी, वायूच्या भोवऱ्यांनी घुसळून वाढवलं.
मात्र घुसळायला आधी थोडं तरी हवं,
नुसतं पाणी घुसळून लोणी—

ती हसली. ओट्यावरचं फडकं बाजूला केलं.
"हे विरजण सासूचं. तिला तिच्या आत्याने दिलं,
आत्याला पीट वाहणाऱ्या नावेवरच्या कुणा बाईने.
त्याआधीचं मला ठाऊक नाही.
दूध तर सगळ्यांकडेच होतं."

दूध तर सगळ्यांकडेच होतं.
परतताना गाडीत हेच.
पहिल्या ताऱ्यांच्या उजेडाने वायू रेटला तेव्हा
हलके इलेक्ट्रॉन जरा पुढे सटकले,
जड प्रोटॉन मागे रेंगाळले,
त्या एवढ्याशा अंतरातून पहिला थेंब?
की फार आधी, पहिला सेकंदही सरला नव्हता तेव्हा,
सगळं उकळत असताना
फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या काठाने?
यावर माझ्या कार्यालयात दोन टेबलं
एकमेकांशी जेवत नाहीत.
मी तंत्रज्ञ. मी तार बदलली.

रात्री आलेखावर टिक् नव्हती.
होती ती जुनीच खरखर,
तिच्यात पीळ असेल, नसेल,
शंभर रात्री बेरीज केल्यावर कळेल.

निघताना तिने काचेच्या बाटलीत चमचाभर दिलं होतं.
घरी जाऊन लावलं. सकाळी पाहिलं तर
पातळच, कडेला हिरवट पाणी.
दूध फार तापलेलं होतं बहुधा.
कोमट होईपर्यंत थांबायला हवं होतं.