पातळी

कॅमेऱ्याच्या लाल दिव्याला सुकुमार आवटी
'अहो' म्हणायचे.
"अहो लागले का?" विचारायचे मला,
मी मान हलवली की
एकतीस वर्षं, रोज संध्याकाळी साडेसातला,
आवंढा गिळून
"नमस्कार, सांगलीकर."

स्टुडिओ म्हणजे पेठभागात
सायकलच्या दुकानावरची खोली.
पडद्यामागं लग्नाच्या शूटिंगच्या छत्र्या,
खाली पंक्चरवाल्याचा पंप
बातम्यांच्या मध्येच फुसफुसायचा,
आणि आवटी तेवढा वेळ थांबायचे,
घरातल्या थोराला आधी बोलू द्यावं तसे.
कोट एकच. मिरजेच्या बँडवाल्याकडून घेतलेला,
बाह्यांवरची जर उसवून.
टाक्यांची भोकं मला दिसायची.
मी लाईट जरा डावीकडं सरकवायचो.

हळदीचा दर, बेदाण्याचा सौदा,
हरवलेली म्हैस, एक शिंग वर एक खाली,
बारावीचा निकाल, लाईट कुठं कधी जाणार,
कुणाचं तेरावं, कुठल्या हॉलवर,
सगळं एकाच आवाजात.
एकदा म्हटलं, म्हशीला कशाला एवढं गंभीर व्हायचं?
म्हणाले, "ज्याची गेलीय, तो बघतोय."

पुण्याहून बोलावणं आलं होतं एकदा. मोठं चॅनेल.
गेले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं परत.
काय झालं ते धड कधी सांगितलं नाही.
एवढंच, की समोर काच होती,
अक्षरं आपोआप वर सरकायची,
"आणि बाळू, पलीकडं कोण बसलंय
तेच मला कळेना."

मग ते वर्ष.
नदीनं सायकलचं दुकान गिळलं
आणि आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर येऊन बसली.
जनरेटर गच्चीवर. अर्ध्या गावात अंधार,
उरलेलं अर्धं आमच्याकडं डोळे लावून.
दर तासाला आयर्विन पुलाची पातळी.
पन्नास फूट. एकावन्न फूट दोन इंच.
मध्यरात्री कुणीतरी ओली चिठ्ठी आणून दिली,
पाण्याखाली गेलेल्या गल्ल्यांची.
सूर्यवंशी प्लॉट. इनामदार प्लॉट. दत्तनगर.
"काकानगर," आवटींनी वाचलं, "गल्ली तिसरी,
पिठाच्या गिरणीपासून पुढची सगळी घरं."

पुढची सगळी म्हणजे चार.
त्यातलं तिसरं त्यांचं.

आवाज हलला नाही.
बोट हललं. त्या ओळीखालून पुढं गेलं,
परत मागं आलं,
शाई वाळलीय का बघावं तसं.
मी ते फ्रेममध्ये घेतलं नाही.
बरोबर केलं की चुकलं, अजून ठरत नाही.
"पुढची पातळी एक वाजता," म्हणाले,
आणि 'अहो' विझेपर्यंत
हात जोडून बसून राहिले.

वहिनी माधवनगरला बहिणीकडं होत्या.
घर गेलं हे त्यांना टीव्हीवर कळलं.
नंतर हसून म्हणायच्या,
समोर असते तर इतकं नीट
सांगितलं नसतं मेल्यानं.

आता पातळी फोनवर येते, इंचासकट.
चॅनेल एका मंगळवारी बंद पडलं,
आपल्या बंद पडण्याची बातमी न देताच.
कॅमेरा माझ्या माळ्यावर आहे.
कोटाचं मी विचारलं नाही.

परवा मंडईत आवटी एवढंच म्हणाले,
"जुडी केवढ्याला?"
शेजारच्या म्हातारीनं आवाज ओळखला.
चेहरा नाही, आवाज.
घाईघाईनं डोक्यावर पदर ओढून घेतला,
म्हणाली, तुम्ही आलात की रोज घ्यायचे असा.
परका पुरुष घरात येतो, बोडक्यानं कसं बसावं?
जेवत असले तर ताट मागं सारायचे,
नातवंडं खिदळायची.
मग आणखी जवळ आली, हळूच:
"दिसायचं का हो तुम्हाला आमचं घर?"

मी हसणारच होतो.
आवटींनी मेथी पिशवीत ठेवली,
आवंढा गिळला.
"दिसायचं की," म्हणाले,
"तुमच्या मागं भिंतीला कॅलेंडर होतं.
महिना उलटायचा राहिलेला."