चार तासांची नळी

तार्तू, फेब्रुवारी. एमायोगी नदी गोठलेली.
उर्मासचं रक्त हाती आलं तेव्हा
नळी अजून कोमट होती.

मेहुणीचं मूत्रपिंड त्याच्या पोटात
सोळा महिने गुण्यागोविंदाने नांदतंय.
सकाळी आठ, रात्री आठ, टॅक्रोलिमस.

मी त्याच्या मारेकरी पेशी वेगळ्या काढते,
शेजारी कर्कपेशी सोडते
आणि चार तास थांबते.
यांना कुणी शिकवावं लागत नाही.
दारावर आपल्या घराची खूण दिसली नाही
की थेट तुटून पडतात.

आज शंभरातल्या अकरा मेल्या.
गोळ्यांआधी अडतीस मरत.
बाकीच्यांना त्या शिवल्यासुद्धा,
मग हात आखडता घेऊन परतल्या.

आकडा लिहिताना पेन अडलं.
हेच तर हवं होतं ना?
परकं मूत्रपिंड टिकावं म्हणून
आपणच पहारा झोपवला.
मग बागेतली बुरशी, अंगात दडलेली जुनी नागीण,
कानामागचा तो नवा तीळ
कुणाच्या भरवशावर?

खाली बाकावर उर्मास,
गुडघ्यावर लोकरी टोपी.
"लघवी छान होते," म्हणतो,
जणू पोरगा पास झालाय.

मी एवढंच म्हणते,
टोपी घाला.
आणि जरा वळा बघू,
कान दाखवा.