ळची जागा

जिल्हा कोर्टाच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली
माझं टेबल, माझं यंत्र, आणि पुठ्ठ्यावर
मीच रंगवलेली पाटी: मराठी मजकूरही टाईप करून मिळेल.
सबंध इंदुरात त्या पाटीला भुलून
अकरा वर्षांत एकच माणूस आला.
फादर बस्त्याव तुस्कानो, मूळ वसईकडचे,
सायकलला पिशवी, पिशवीत
बारीक अक्षरातली सव्वाशे पानं.
"विषय?" मी पावतीसाठी विचारलं.
"माणसाचं अंतिम ध्येय," ते म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, भाडेकरार.

मी आधीच सांगून टाकलं:
यंत्र हिंदीचं आहे, ह्यावर ळ नाही.
तेवढी जागा सोडतो, तुम्ही शाईनं भरा.
"चालेल," म्हणाले. "पानाचे किती?"

मग दुपारी, वकील जेवायला गेले की
मी टाईप करत बसायचो:
पैसा ध्येय नव्हे, तो कशासाठी तरी असतो.
मान नव्हे, तो देणाऱ्याच्या हातात असतो.
सत्ता नव्हे. देहाचं सुख नव्हे.
(समोरच्या बाकावर दोघे सख्खे भाऊ
सामाईक भिंतीच्या तारखेला आलेले,
तिसऱ्या पिढीतले.)
माणसाच्या हवेपणाला काठ नाही,
म्हणून काठ असलेलं काहीच त्याला पुरत नाही.
हे वाक्य मी दोनदा टाईप केलं.
चूक नव्हती. कार्बन सरकला होता.

एकदा न राहवून म्हटलं,
फादर, इथं कागद लागतो. तुमच्या देवाचा पुरावा काय?
"अर्धी वाट तर्कानं चालता येते,
पान चाळीसपासून पाहा," ते म्हणाले.
"पुढे कुणीतरी सांगितलेलं मानावं लागतं.
तुम्ही शपथपत्राच्या शेवटी काय लिहिता?"
मी घोकलेलं म्हणून दाखवलं:
मेरे ज्ञान एवं विश्वास से सत्य है.
"आणि खाली सह्या किती?"
एकच.
"मग?"
आणि ज्ञान न् विश्वास आपसांत भांडले तर?
"तर दोघांपैकी कुणाला तरी
आपण नीट वाचलेलं नाही."
पोह्यांवरचं जीरावन त्यांनी बोटानं टिपलं
आणि सायकलवर टांग टाकली.

पान एकशे अकरावर गाडी अडली.
लॅटिनमधला एक शब्द, त्याला मराठी हवा होता.
सुख लिहून खोडलेलं. आनंद खोडलेला,
शेजारी टीप: ह्या घरात आधीच बिऱ्हाड आहे.
समाधान? "ते जेवणानंतरचं."
धन्यता? "तिला शालीचा वास येतो."
"तुम्ही सांगा," म्हणाले.

मी कसला सांगणार.
म्हटलं, कुमुदचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं,
डोळ्यावरची पट्टी काढली, तर ती
माझ्याकडे बघून म्हणाली, अगंबाई, म्हातारे झालात!
आणि हसली. आणि बघतच राहिली.
रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवतोय, ही बघतेय.
त्या बघण्याला काय म्हणतात, ते लिहा.

फादर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "आम्हीही तेच सांगतो.
शेवटी पाहणं. समोरासमोर.
जागा सोडा तिथं. मी भरीन."

भरली की नाही, ठाऊक नाही.
पावसाळ्याआधी त्यांची झाबुआकडे बदली झाली,
पानं गेली, सायकल दुसऱ्या फादरला मिळाली.
माझ्याकडे कार्बनची प्रत उरली.
तिच्यात शाई नाही. क आणि तं, मधे फट.
मि आणि तं, मधे फट.
डो, मग नुसती हवा आणि हवेवर मात्रा.

रात्री कधी काढून वाचतो.
गंमत म्हणजे कुठं अडत नाही,
यंत्राला न आलेला ळ जीभ आपोआप घालते:
कळतं, मिळतं, डोळे.
फक्त एकशे अकरावर आलो की थांबतो.
आतून कुमुद विचारते, "झोपलात का?"
नाही, म्हणतो, वाचतोय.